गल्ला सांगत नाही, ते खातेवही सांगते
(व्याख्यान)



आपल्या वस्तीत कुणाचे तयार कपड्यांचे दुकान आहे, कुणाची पिठाची गिरणी, तर कुणी घरातच शिलाई मशीन टाकले आहे. मेहनतीत कुणीच कमी नाही. पण महिन्याला सुटतात किती, असे विचारले की उत्तर येते, "चाललंय, गल्ल्यात पैसे असतात." गल्ल्यातले सगळे पैसे आपले नसतात, एवढेच आज आम्हाला सांगायचे आहे. ते दाखवून देणारी वही म्हणजे खातेवही, अर्थात लेजर.

रोजचा व्यवहार ज्या क्रमाने घडतो त्या क्रमाने ज्या वहीत लिहितात, ती रोजकीर्द. पण तिच्यात एकाच गिऱ्हाइकाची उधारी दहा पानांवर विखुरलेली असते. म्हणून एकेका नावाला, एकेका बाबीला खातेवहीत वेगळे पान देतात आणि कीर्दीतल्या रकमा तिथे उतरवतात. यालाच खतावणी म्हणतात. कीर्दीत 'खा. पा.' असा एक लहान रकाना असतो. रक्कम खातेवहीच्या कितव्या पानावर गेली तो आकडा तिथे टाकायचा. रकाना कोरा दिसला की समजावे, खतावणी राहिली आहे.

प्रत्येक खात्याला दोन बाजू. डावी नावे, उजवी जमा. प्रत्येक व्यवहार दोन खात्यांना शिवतो. एकाच्या नावे, दुसऱ्याच्या जमा. ही द्विनोंदी पद्धत काही आजची नाही. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात ती सविस्तर मांडली. नियम तीनच. माणसाचे खाते असेल तर घेणारा नावे, देणारा जमा. वस्तूचे किंवा रोखीचे असेल तर येते ते नावे, जाते ते जमा. खर्च आणि तोटा नावे, उत्पन्न आणि नफा जमा.

इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. आपण बँकेत पैसे भरले की पासबुकात 'जमा' दिसते, मग आपल्या वहीत बँक 'नावे' कशी? अहो, पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल आहे. तिथे देणारे आपण. आपल्या वहीत घेणारी बँक.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका ताईंनी 40,000 रुपये रोख घालून कपड्यांचे दुकान टाकले. 8,000 चे कपाट रोखीने घेतले. 20,000 चा माल ठोक व्यापाऱ्याकडून उधारीवर आणला. महिन्यात रोख विक्री 15,000, उधार विक्री 6,000. भाडे दिले 3,000. व्यापाऱ्याला दिले 12,000. उधारीपैकी 2,000 वसूल झाले. घरखर्चाला 4,000 उचलले. महिनाअखेर गल्ल्यात 30,000 आहेत. ताई खूश!

आता खात्यांच्या शिलका काढा. नावे बाजूला रोख 30,000, कपाट 8,000, खरेदी 20,000, गिऱ्हाइकांकडून येणे 4,000, भाडे 3,000, उचल 4,000. जमा बाजूला भांडवल 40,000, व्यापाऱ्याचे देणे 8,000, विक्री 21,000. दोन्हीकडे बेरीज 69,000. याला तेरीज म्हणतात. ती जुळली.

पुढे बघा. खरेदीच्या भावाने 5,000 चा माल शिल्लक आहे. म्हणजे विकलेल्या मालाची खरेदी 15,000. विक्री 21,000 मधून ती वजा जाता 6,000, त्यातून भाडे गेले, नफा राहिला 3,000. आणि घरी नेले 4,000! म्हणजे एक हजार रुपये भांडवलातले खाल्ले. गल्ला भरलेला असताना भांडवल 39,000 वर आले. अशी दोन-तीन वर्षे गेली की दुकान बसते, आणि लोक म्हणतात नशीब खोटे. म्हणून उचलीचे पान वेगळे ठेवा. दुकानातले तेल-साबण घरी नेले तरी तेही त्याच पानावर लिहा.

तेरीज जुळली म्हणजे सगळे बरोबर, असेही मानू नका. एखादा व्यवहार लिहायचाच राहिला, किंवा एका गिऱ्हाइकाची रक्कम दुसऱ्याच्या पानावर गेली, तरी तेरीज जुळतेच. संगणकावर हिशोब ठेवला तर बेरजा तो करील, पण खाते कोणते, हे माणसालाच सांगावे लागते.

उधारीच्या पानाला तर फार जपा. वसुलीची मुदत ठरलेली नसेल, तर 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे माल दिल्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. त्या मुदतीत गिऱ्हाइकाने बाकी मान्य करून सही दिली, तर मुदत नव्याने सुरू होते. नुसती वहीतली नोंद कोर्टात पुरी पडत नाही, म्हणून बिलाची प्रत हवी. दर महिन्याला बाकी दाखवून सही घ्यायला संकोच कसला? स्पष्ट हिशोबाने शेजार टिकतो.

आमचे सांगणे इतकेच : एक कीर्द, एक खातेवही आणि रोज रात्री पंधरा मिनिटे. घरातल्या शिकत्या मुला-मुलींना खतावणी करायला बसवा. महिनाअखेर तेरीज काढा आणि उचल नफ्याच्या आत ठेवा. येत्या पहिल्या तारखेपासून सुरुवात करा. ज्यांना वही आखून हवी असेल, त्यांच्याजवळ आम्ही बसू.