रेषेआधी सातबारा

विधी शाखेच्या नवपदवीधरांनो,

तुमच्यापैकी कुणी न्यायाधीश होईल, कुणी सरकारी वकील, कुणी परराष्ट्र सेवेत जाईल. सीमातंट्याची एखादी फाईल कधी ना कधी तुमच्या टेबलावर येईलच. म्हणून आज मी आपल्या विदर्भातल्याच एका सीमेबद्दल बोलणार आहे.

चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात, माणिकगडच्या डोंगरात, परमडोली, अंतापूर, मुकदमगुडा, लेंडीगुडा अशी 14 गावे आहेत. महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही त्यांच्यावर हक्क सांगत आले. तिथे एकाच घरात दोन राज्यांची रेशनकार्डे सापडतात, दोन राज्यांची मतदार ओळखपत्रे सापडतात. मराठी शाळा आहे, तेलुगू शाळा आहे, दोन्हीकडचे सरपंच आहेत. ऐकणाऱ्याला वाटते, चंगळ आहे यांची. पण सातबारा मागून बघा. दोन्ही सरकारांचे धान्य घरात येते, आणि वर्षानुवर्षे कसलेल्या जमिनीचा पट्टा मात्र कितीतरी जणांच्या हाती नाही. पट्टा नाही म्हणून बँक दारात उभी करत नाही. उद्या तिथून रस्ता गेला, धरण झाले, तर मोबदला कोणत्या कागदावर मागायचा?

हे एका दिवसात घडलेले नाही. ही गावे पूर्वी राजुरा तालुक्यात होती आणि तो तालुका मूळचा हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्याचा. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि 1959 मध्ये चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला. मुंबईत आणि हैदराबादेत नकाशे बदलले. डोंगरातल्या गुड्यांची आणि शेतांची मोजणी मागे पडली. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबे पोटासाठी या डोंगरांत आली. आता वनजमिनीच्या पट्ट्यासाठी वनहक्क कायदा आदिवासी नसलेल्याकडे 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांच्या, म्हणजे 75 वर्षांच्या रहिवासाचा पुरावा मागतो. बहात्तरला आलेल्याने तो कुठून आणायचा?

भारत आणि बांगलादेश यांच्यात एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या भूखंडांचा याहून गुंतागुंतीचा प्रश्न सुटला, पण त्याला 41 वर्षे लागली. करार 1974 चा, अंमल 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री. आपले 111 भूखंड तिकडे गेले, त्यांचे 51 इकडे आले. जवळपास 10,000 एकर जास्त जमीन आपण दिली आणि तिची भरपाई मागणार नाही, हे करारातच लिहून दिले. नागरिकत्व निवडण्याची मुभा रहिवाशांना मिळाली, हे मला फार मोलाचे वाटते. तरी भारताची निवड करून इकडे आलेल्या कुटुंबांना कूचबिहारच्या तात्पुरत्या छावण्यांत दिवस काढावे लागले. राष्ट्राने जमिनीवरचा दावा सोडला, तो उदारपणा झाला. शेतकऱ्याचे नुकसान त्याने भरून निघत नाही. त्याचा हिशेब वेगळाच मांडावा लागतो.

1922 मध्ये सामाईक ठरलेला तटस्थ पट्टा सौदी अरेबिया आणि कुवेत यांनी 1965 च्या करारानुसार वाटून घेतला. जमीन दोन तुकड्यांत गेली, पण तिच्याखालचे तेल निम्मे-निम्मेच राहिले. पोटाचा प्रश्न त्यांनी रेषेपासून वेगळा काढला, आणि तोही आधी.

आपल्याकडे उलटे होते. गोदावरीवरच्या मेडीगड्डा बंधाऱ्यासाठी 23 ऑगस्ट 2016 रोजी मुंबईत महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या मुख्यमंत्र्यांनी करार केला. पाण्याची पातळी किती ठेवायची यावर घासाघीस झाली आणि 100 मीटरवर एकमत झाले. मीटरमीटरवर एवढे भांडलो, ते योग्यच होते. पण पुढे गडचिरोलीतल्या सिरोंचा तालुक्याच्या शेतकऱ्यांना भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी उपोषणाला बसावे लागले. पातळी ठरवताना ज्यांची जमीन पाण्याखाली जाणार होती, त्यांच्या मोबदल्याचा दर आणि तारीख त्याच टेबलावर ठरायला हवी होती. मोबदला परिशिष्टात ढकलला की माणूस तहसीलच्या पायऱ्या झिजवतो.

जुलै 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने जिवतीची ती 14 गावे पूर्णपणे राज्यात घेण्याची प्रक्रिया जाहीर केली. म्हणजे मसुदे लिहिले जातील, बैठका होतील, आणि त्या खोल्यांत तुमच्यातले कुणी बसलेले असेल. तेव्हा विचारा: मोजणी कुणी करायची आणि किती महिन्यांत? पट्टा मिळेपर्यंत पेरणीसाठी कर्ज कोण देणार? आज तेलुगू शाळेत सहावीत बसणाऱ्या मुलीने सातवी कोणत्या भाषेत करायची?