निवड आणि नाइलाज

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यापैकी अनेकांच्या आजीला पाच-सहा भावंडे होती. तुम्हाला फार तर एक. या बदलाचा जाब पुढची काही वर्षे तुम्हालाच विचारला जाणार आहे, म्हणून आज त्याविषयी बोलतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते की १९९२-९३ मध्ये कर्नाटकात आणि महाराष्ट्रात स्त्रीमागे सरासरी जवळपास तीन मुले होत. २०१९-२१ मध्ये दोन्हीकडे हा आकडा १.७ वर आला. पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून काढायला सुमारे २.१ लागतो.

असे का झाले? जन्मलेले मूल जगू लागले, हे पहिले कारण. १९७१ मध्ये देशात हजार बाळांपैकी १२९ बाळे वर्षाच्या आत दगावत; २०२० मध्ये २८. मुली शिकल्या, लग्नाचे वय वाढले. शेतीचे तुकडे झाले आणि शिक्षणाचा खर्च वाढला. संततिनियमनाची साधनेही हाती आली. त्यासाठी १९२१ मध्ये मुंबईत र. धों. कर्व्यांनी संततिनियमन केंद्र काढून समाजाचा रोष पत्करला. १९३० मध्ये म्हैसूर संस्थानाने सरकारी केंद्रे उघडली, ती जगातली पहिली मानली जातात. हे यश आहे आणि त्याचा अभिमान बाळगा.

पण आजच्या १.७ मध्ये निवडीबरोबर नाइलाजही मिसळला आहे. २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २९९ मिनिटे घालवत होत्या, पुरुष ९७. बेंगळुरूत यशवंतपूरजवळच्या पीण्यात कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करणारी बाई पाळी संपवून घरी येते, ती दुसऱ्या पाळीसाठीच. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी रजा दिली, पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले. पण लहान कारखान्यात, घरकामात, रोजंदारीत राबणाऱ्या असंख्य जणींपर्यंत तो कायदा पोहोचतच नाही. दुसरे मूल हवे असूनही जी स्त्री मन मारते, तिच्या निर्णयाला आपण स्वातंत्र्य कसे म्हणायचे?

वृद्धांची वाढती संख्या आणि लोकसंख्येनुसार लोकसभेच्या जागा घटण्याची चिंता यांमुळे दक्षिणेतले नेते आता जास्त मुले होऊ द्या, असे सांगू लागले आहेत. दक्षिण कोरियाने यासाठी अफाट पैसा ओतला. तरी २०२३ मध्ये तिथला जननदर ०.७२ वर घसरला. ज्या घरात आणि कचेरीत आईपणाचा सारा भार एकटीवर पडतो, तिथे अनुदानाने पाळणा हलत नाही.

म्हणून तुमच्याकडे मागणे आहे. उद्या तुम्ही कारखाने चालवाल, नेमणुका कराल, कायदे लिहाल. मुलाखतीत कोणत्याही मुलीला लग्नाचा बेत विचारू नका. पाळणाघर कागदावर ठेवू नका. आणि मुलग्यांनो, घरकाम ‘मदत’ म्हणून करू नका, आपले म्हणून करा. मूल हवे की नको, एक की तीन, हे ज्याचे त्याने ठरवावे. ते ठरवताना कुणाला नोकरी, तब्येत किंवा स्वप्न गहाण टाकावे लागू नये, एवढी व्यवस्था उभी करणे हे तुमच्या पिढीचे काम आहे. ते तुम्ही कराल असा माझा विश्वास आहे.