पुतण्याची बंदूक



माझा पुतण्या टेक्सासमध्ये नोकरी करतो. तिथे १ सप्टेंबरला होल्यांचा मोसम उघडतो आणि ऑफिसातली मित्रमंडळी शिकारीला निघतात. यंदा त्यालाही जायचं आहे. त्यानं फोन केला, "काका, छोट्या बोअरची सेमी-ऑटोमॅटिक बंदूक हवी आहे. हजार डॉलरच्या आत. कोणती घेऊ?" त्याला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगतो, कारण तुमच्यापैकीही अनेकांची मुलं तिकडे आहेत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांनंतर पक्ष्यांची शिकार बंद आहे. ते योग्यच आहे. आजचं सगळं बोलणं अमेरिकेपुरतं.

मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो व्हिसाचा. तो एच-१बी वर आहे. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला तिथला केंद्रीय कायदा मनाई करतो. राज्याचा चालू शिकार परवाना असेल तर अपवाद मिळतो. म्हणून आधी परवाना, मग दुकान. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही.

आता बोअर. आपल्याकडे 'बारा बोअर' सगळ्यांना ठाऊक असते. नळीत बरोबर बसेल एवढी शिशाची गोळी घ्या. तशा बारा गोळ्यांचं वजन एक पौंड भरलं तर ती बारा बोअर. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक होते. बारा बोअरची नळी साधारण साडेअठरा मिलिमीटरची, वीसची साडेपंधराच्या थोडी वर, अठ्ठावीसची चौदाची. बाराच्या नेहमीच्या काडतुसात बत्तीस ग्रॅमच्या आसपास छरे, वीसच्या पंचवीस, अठ्ठावीसच्या एकवीस.

पुतण्याला अठ्ठावीस आवडली होती. दिसायला देखणी, हाताला हलकी. मी म्हटलं, वीस घे. अठ्ठावीसची काडतुसं महाग, आणि प्रत्येक दुकानात मिळतीलच असं नाही. पहिल्या वर्षी तुला काडतुसं भरपूर लागणार आहेत. वीस बोअर होल्याला, लाव्याला पुरते; जवळच्या फेझंटलाही पुरते.

पुढे यंत्रणा. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एकदा चाप ओढला की एकच बार. रिकामं काडतूस आपोआप बाहेर, नवं आत. हे काम दोन प्रकारे होतं. गॅसवर चालणारी बंदूक बाराचा थोडा वायू वापरून यंत्रणा मागे ढकलते. तिचा धक्का सौम्य, पण काजळी धरते, साफ करत राहावी लागते. इनर्शियावाली बंदूक धक्क्याच्याच जोरावर चालते. ती स्वच्छ राहते, वजनाला कमी असते, पण खांद्याला जास्त जाणवते. नवख्याला मी गॅसवालीच सांगतो.

स्वस्तातल्या बंदुकांपैकी बऱ्याच तुर्कस्तानात बनतात. गॅसमध्ये मॉसबर्ग एसए-२० आणि ट्रायस्टार वायपर जी-टू, इनर्शियात स्टोगर एम३०२०. हजाराच्या जवळ गेलात तर बेरेटा ए३०० आणि फ्रँकी अफिनिटी. जुन्या बाजारात रेमिंग्टन ११०० भेटते. ती १९६३ पासूनची. ती घेताना नळीखालची रबरी कडी तपासा. ती फाटलेली असली तर बंदूक काडतूस नीट बदलणार नाही. कडी स्वस्त आहे, पण ठाऊक हवं.

यातली कुठली? जी खांद्याला बसेल ती. हे मी अनुभवानं सांगतो. महूला पोस्टिंग असताना कुणीतरी माझ्या हातात बारा बोअर देऊन मातीच्या तबकड्यांसमोर उभं केलं. मी रायफलवाला. श्वास रोखला, डोळा मिटला, नेम धरला. पंचवीसपैकी चार फुटल्या! रायफलनं नेम धरतात. छऱ्याच्या बंदुकीत नजर फक्त उडत्या वस्तूवर ठेवायची. बंदूक नजरेमागे जाते. आणि नजरेमागे जायला ती अंगाच्या मापाची हवी.

दुकानात एक परीक्षा करा. बंदूक रिकामी आहे याची स्वतः खात्री करून घ्या. दुकानदाराला विचारून मोकळ्या भिंतीकडे तोंड करा, डोळे मिटा, बंदूक खांद्याला लावा, डोळे उघडा. नळीच्या टोकावरचा मणी सरळ समोर दिसला तर ठीक. मान ताणावी लागली, किंवा नळीची नुसती मागची बाजू दिसली, तर दस्ता तुमच्या मापाचा नाही. दस्ता सहसा चौदा इंचांच्या आसपास असतो. आपल्यातल्या पुष्कळांना तो लांब होतो. आखूड दस्त्याचं कॉम्पॅक्ट मॉडेल मागा. त्यात कमीपणा नाही.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. वीसचं काडतूस पिवळं असतं, ते उगाच नाही. चुकून ते बारा बोअरमध्ये गेलं तर घसरून नळीत पुढे अडकतं. मागून बाराचं काडतूस भरलं आणि चाप ओढला की नळी फुटते. दोन्ही बोअरची काडतुसं एका खिशात कधीही नकोत. दुसरं, सेमी-ऑटोमॅटिक बार झाल्यावरही भरलेलीच असते. कुंपण ओलांडण्याआधी ती पूर्ण रिकामी करा.

नियमही पाळा. होला आणि बदक हे स्थलांतरित पक्षी. त्यांच्यासाठी बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत. त्यासाठी आत दांडी बसवतात. बदकांना १९९१ पासून देशभर शिशाचे छरे चालत नाहीत.

शेवटी पुतण्यानं हजारातली बंदूक सोडून सहाशेतली घेतली. उरलेल्या पैशांतून पंचवीसची एकेक अशी काडतुसांची खोकी घेतली आणि दर शनिवारी तबकड्यांवर जातो. मी त्याला एकच अट घातली आहे. वीसपैकी पंधरा तबकड्या जितक्या अंतरावर फुटतील, तेवढंच तुझं अंतर. त्यापलीकडचा पक्षी जाऊ द्यायचा. छोट्या बोअरमध्ये छरे कमी. लांबून मारलेला पक्षी मरत नाही, पंख मोडून झुडपात पडतो आणि रात्रभर तडफडतो. महागडी बंदूक घेऊन हे टळत नाही. सरावानं टळतं.

परवा त्याचा फोन आला. म्हणाला, "काका, पंचवीस यार्डांवर सोळा." म्हटलं, मग पंचविसापर्यंत तुझं. सव्विसावा होल्याचा.

जयहिंद. भेटू पुढच्या भागात.