जनरल रजिस्टर

शाळेला शंभर वर्षं झाली की स्मरणिका निघते. तिच्यात संस्थापकांचं चित्र असतं, मुख्याध्यापकांची यादी असते, बोर्डात आलेली मुलं असतात, इमारतीला देणगी देणारे असतात. हे सगळं हवंच. पण शाळेत कोण आलं, किती वर्षं टिकलं आणि का निघून गेलं, हे स्मरणिकेत सापडत नाही. ते ऑफिसातल्या कपाटात, तळच्या कप्प्यात असतं, जनरल रजिस्टरात. आज मला त्याच्याविषयीच बोलायचं आहे. आपल्या स्वयंपाकघरात दुधाच्या खाड्यांचं कॅलेंडर असतं ना, तसं हे रजिस्टर आहे. कॅलेंडरवर इतिहास लिहायचा म्हणून कुणी लिहीत नाही. तरी एक लिटर जास्त घेतलं त्या दिवशी पाहुणे होते, ओळीनं आठ खाडे पडले तेव्हा घर गावाला गेलं होतं, हे त्यावरून कळतं. एखाद्या महिन्यापासून दूध निम्म्यावर आलं असेल, तर त्या घरात काहीतरी घडलेलं असतं. लग्नाचा अल्बम आपण जपतो आणि हे कॅलेंडर वर्ष संपताच रद्दीत घालतो. शाळाही रजिस्टराची अशीच आबाळ करतात.

पण वही जपली तर काय हाती लागतं, याचं साताऱ्याचं उदाहरण घ्या. तिथल्या तेव्हाच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीत एका मुलाचं नाव दाखल झालं : भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टरातला क्रमांक १९१४. हे पान कुणीतरी सांभाळलं, म्हणून २०१७ पासून हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळता येतो. ज्या कारकुनानं ती ओळ लिहिली, त्याला आपण काय लिहितो आहोत याची कल्पना असणं शक्यच नव्हतं. आणि त्या ओळीचं वजन समजायचं तर आणखी मागे जावं लागतं. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला, त्यानं सरकारकडे अर्ज केला, आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या असल्याचं पुढे १८५८ मध्ये मान्य झालं. पण कागदावर मान्य होणं वेगळं आणि दाखल होणं वेगळं. कुठल्या गावात, कुठल्या साली, कुणाचं मूल पहिल्यांदा दाखल झालं, हे सांगणारा दुसरा दस्तऐवज बहुतेक ठिकाणी नाहीच. पहिली मुलगी कधी आली, हेही या रजिस्टरातच सापडायचं.

यावर कुणी म्हणेल, रजिस्टर मुलाचं दुःख सांगत नाही. खरं आहे. वर्गात वेगळं बसायला लागणारं गोणपाट रोज घरून न्यावं-आणावं लागे, शिपायानं नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे, हे त्याच भिवानं, म्हणजे बाबासाहेबांनी, स्वतः लिहून ठेवलं म्हणून आपल्याला ठाऊक. रजिस्टरात त्याचा रकाना नाही. पण लिहून ठेवणारे फार थोडे असतात. बाकीच्यांची शाळा दोन तारखांत मावते, आल्याची आणि गेल्याची, आणि शेजारी शाळा सोडल्याचं कारण. एकाच साली, एकाच वस्तीतली दहा मुलं गेली असतील, तर दुष्काळ होता का, साथ होती का, गिरणीत काम मिळालं का, हे विचारता येतं. पुन्हा दुधाचंच कॅलेंडर : एका खाड्यानं काही कळत नाही, वर्षभराचे खाडे बोलू लागतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या वह्यांत लोकांच्या जाती आहेत, त्या चव्हाट्यावर का आणायच्या? आणू नयेत. नावं झाकूनही मोजदाद करता येते. पण जातीचा रकाना आज उघडला जात नाही असं थोडंच आहे! जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तो शोधत माणसं आजोबांच्या शाळेच्या दारात येतात. मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हाही याच वह्या निघाल्या. पानं हाताळून फाटतात, वाळवी लागते, पावसात कपाट गळतं. एक रकाना वाचण्यासाठी आपण वही झिजवतो आणि उरलेले रकाने न वाचताच गमावतो. मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे, वही तळच्या कप्प्यातून आधी वर घ्या. छायाप्रती काढा, जरूर काढा, पण प्रत काढली म्हणून मूळ वही टाकू नका. शाईचा रंग, खाडाखोड, नंतर घातलेली ओळ, हे मूळ कागदावरच नीट दिसतं.