१०७ गुण, ११७ गोल, आणि तरीही दुसरा नंबर!

आजच्या भागात फुटबॉल आहे, पण मेस्सी, एम्बाप्पे वगैरे कुणी नाही. आज आपण जाणार आहोत इंग्लंडच्या पाचव्या लीगमध्ये. हो, पाचव्या. वर प्रीमियर लीग, तिच्याखाली चॅम्पियनशिप, मग लीग वन, मग लीग टू, आणि त्याच्याही खाली नॅशनल लीग. तिथल्या एका क्लबचा एकच हंगाम आज आपण आकड्यांतून बघू. कागद-पेन लागणार नाही, पण साधी बेरीज-वजाबाकी करावी लागेल.

क्लबचं नाव नॉट्स काउंटी, गाव नॉटिंगहॅम, हंगाम २०२२-२३.

आधी थोडी ओळख

नॉट्स काउंटीची स्थापना १८६२ सालची. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हा त्यात जे १२ क्लब होते त्यातला हा एक. युव्हेंटसची काळी-पांढरी पट्ट्यांची जर्सी माहितीये ना? ती यांच्यावरूनच आली, १९०३ मध्ये. एवढं जुनं घराणं. पण २०१९ मध्ये ते लीग टू मधून खाली घसरलं आणि पहिल्यांदाच फुटबॉल लीगच्या बाहेर पडलं.

त्याच वर्षी क्लब दोन डॅनिश भावांनी विकत घेतला, ख्रिस्तोफर आणि अलेक्झांडर रीट्झ. यांचा मूळ धंदाच फुटबॉलच्या आकड्यांचा. ‘फुटबॉल रडार’ नावाची त्यांची कंपनी मॅचेसच्या डेटाचं विश्लेषण करते. म्हणजे आजचा विषय मी उगाच आकड्यांकडे ओढत नाहीये, क्लबचे मालकच आकडेवाले आहेत.

आता टेबल बघू

४६ मॅच. ३२ जिंकल्या, ११ बरोबरीत, फक्त ३ हरल्या. जिंकल्यावर ३ गुण, बरोबरीला १. एकूण झाले १०७.

हा आकडा किती मोठा आहे? २०१७-१८ मध्ये मॅकल्सफिल्डने हीच लीग ९२ गुणांवर जिंकली होती. पुढच्या वर्षी लेटन ओरिएंटने ८९ वर. त्या हंगामापर्यंतचा या लीगचा विक्रम होता क्रॉलीचा, २०१०-११ मधला, १०५ गुणांचा. वरच्या चॅम्पियनशिपमध्ये रेडिंगने २००५-०६ साली १०६ गुण केले होते, तेव्हा सगळ्यांनी तोंडात बोटं घातली होती. काउंटीने १०७ केले.

आणि दुसरे आले.

कारण पहिला होता रेक्सम. तोच, हॉलिवूडवाल्या रायन रेनल्ड्स आणि रॉब मॅकलहेनी यांचा, डॉक्युमेंटरी सिरीजवाला क्लब. त्यांचे गुण १११. तिसऱ्या आलेल्या चेस्टरफिल्डचे ८४. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्यात २३ गुणांची दरी! लीग २४ संघांची होती, पण शर्यत दोघांचीच.

आता खरी गंमत. गोलांचा रकाना बघा. रेक्समने केले ११६, खाल्ले ४३. काउंटीने केले ११७, खाल्ले ४२. काउंटीने एक गोल जास्त केला आणि एक कमी खाल्ला. हरलेल्या मॅच दोघांच्या तीन-तीन. गोलफरक रेक्समचा ७३, काउंटीचा ७५. आयपीएलच्या भाषेत, नेट रनरेट काउंटीचा चांगला, पण टेबलात वर रेक्सम.

मग फरक पडला कुठे? फक्त बरोबरीत. रेक्समच्या ९ बरोबरी, काउंटीच्या ११. त्या ११ पैकी कुठल्याही दोन मॅचमध्ये काउंटीने एकेक गोल जास्त केला असता, तर ४ गुण वाढले असते. १०७ चे १११. मग दोघं समान आणि गोलफरकावर काउंटी चॅम्पियन. ४६ मॅच म्हणजे किमान ४,१४० मिनिटं. आणि अंतर किती? दोन गोल.

४२ गोलांचा माणूस

रेक्समने पॉल मलिनला आणलं, तो आदल्याच वर्षी लीग टू मध्ये ३२ गोल मारून आलेला होता. नाव झालेला, सिद्ध झालेला स्ट्रायकर. पैसा असला की हे जमतं. काउंटीने २०२२ मध्ये उचलला मॅकॉली लँगस्टाफ. तो आला गेट्सहेडमधून, म्हणजे सहाव्या स्तरावरून. एक पायरी खालून.

मलिनने लीगमध्ये ३८ गोल केले. लँगस्टाफने ४२, पाचव्या स्तरावरचा एका हंगामातला विक्रम.

काउंटीचे ११७ पैकी ४२, म्हणजे जवळपास ३६ टक्के गोल एकट्याचे. कुणी म्हणेल, टीम एकाच्या जिवावर चालली होती. पण ४२ वजा करा, ७५ उरतात. तिसऱ्या आलेल्या अख्ख्या चेस्टरफिल्डचे गोल होते ८१. म्हणजे बाकीचे काही हात बांधून बसले नव्हते. टक्केवारी ऐकली की तिच्यामागचा मूळ आकडाही विचारायचा, ही सवय लावून घ्या. निवडणुकीच्या बातम्या वाचतानाही उपयोगी पडेल.

१० एप्रिल २०२३

ऑक्टोबरमध्ये काउंटीने घरच्या मैदानावर रेक्समला १-० हरवलं होतं. परतीची मॅच रेक्समच्या मैदानावर, १० एप्रिलला. मॅचच्या आधी दोघांचे गुण? १०० आणि १००. फक्त रेक्समची एक मॅच हातात शिल्लक.

स्कोअर ३-२, रेक्सम पुढे. इंज्युरी टाइम चालू आणि काउंटीला पेनल्टी मिळाली. मारायला सेड्विन स्कॉट. समोर गोलकीपर बेन फॉस्टर, वय वर्षं ४०. इंग्लंडकडून खेळलेला हा माणूस निवृत्त झाला होता, रेक्समने त्याला मार्चमध्ये परत बोलावलं होतं. शंभर पेनल्टी मारल्या तर साधारण ७५ ते ८० गोल होतात. फॉस्टरने उजवीकडे झेप घेतली आणि ती अडवली.

तेव्हापासून सगळे म्हणतात, ‘त्या एका पेनल्टीने काउंटीचं विजेतेपद गेलं.’ आपण हिशोब करून बघू. बाकीचे सगळे निकाल तसेच ठेवा, फक्त ती पेनल्टी गोल समजा. ३-३. रेक्समचे २ गुण कमी होतात, काउंटीचा १ वाढतो. शेवटचं टेबल: रेक्सम १०९, काउंटी १०८.

तरीही रेक्समच! काउंटीला ती मॅच जिंकावीच लागली असती. तेव्हा कुठे ११० विरुद्ध १०८ झालं असतं.

अर्थात, या गणितात एक कच्चा दुवा आहे. ‘बाकीचे निकाल तसेच’ हे आपण धरून चाललो. पण शेवटच्या दिवशी रेक्समची टॉर्कीबरोबर १-१ बरोबरी झाली, तेव्हा ते आधीच चॅम्पियन झाले होते. काउंटीचीही यॉर्कशी १-१ झाली, तेव्हा त्यांचा दुसरा नंबर पक्का होता. दोघांवर दडपण असतं तर त्या मॅच वेगळ्या झाल्या असत्या की नाही, हे कुठलाच तक्ता सांगू शकत नाही. पण एवढं नक्की, की सगळा दोष एका माणसाच्या एका किकवर टाकता येत नाही.

मग पुढे काय झालं?

आता नियम ऐका. नॅशनल लीगमधून थेट वर जातो एकच संघ. दुसरी जागा प्लेऑफमधून. दुसऱ्या ते सातव्या क्रमांकापर्यंतचे सगळे त्यात. म्हणजे १०७ गुणवाला आणि ७१ गुणवाला एकाच रांगेत! फरक इतकाच, की दुसरा आणि तिसरा संघ थेट सेमीफायनलला.

सेमीफायनल एकाच मॅचची. समोर बोरहॅम वूड, गुण ७२. काउंटीपेक्षा ३५ कमी. हाफटाइमला स्कोअर काय? बोरहॅम वूड २, काउंटी ०. नऊ महिन्यांची मेहनत ४५ मिनिटांत पाण्यात जायच्या बेतात. बचावपटू एडन बाल्डविनने दोन गोल फेडले, दुसरा अगदी इंज्युरी टाइममध्ये. आणि १२० व्या मिनिटाला जोडी जोन्सने विजयी गोल मारला.

फायनल १३ मे ला, वेम्बलीवर, चेस्टरफिल्डशी. काउंटी दोनदा मागे पडली, दोनदा बरोबरी केली. पहिली बरोबरी मॅच संपायला तीन मिनिटं असताना. २-२, आणि मग पेनल्टी शूटआउट. त्याच्यासाठी खास मैदानात उतरवलेला राखीव गोलकीपर आर्ची मेअर, त्याने दोन पेनल्टी अडवल्या. आणि निर्णायक पेनल्टी मारायला कोण आलं? सेड्विन स्कॉट. तोच! या वेळी बॉल जाळ्यात. ४-३. काउंटी वर.

ही गोष्ट गोड झाली म्हणून नियम बरोबर ठरत नाही, असं माझं मत आहे. ४६ मॅचचा हंगाम हा मोठा नमुना असतो. त्यात नशीब दोन्ही बाजूंनी फिरून साधारण समान होतं. एका मॅचमध्ये तसं होत नाही. काउंटी वर गेली ती १०७ गुणांमुळे नाही, १२० व्या मिनिटामुळे आणि चार पेनल्टींमुळे. म्हणूनच तिथले क्लब ‘एकूण तीन जागा द्या’ अशी मागणी करत आलेत. आणि चेस्टरफिल्डचं काय? त्यांनी पुढच्या वर्षी ९८ गुण करून लीगच जिंकली.

काउंटीचंही पुढचं वर्ष सांगतो, कारण आकड्यांचा दुसरा धडा तिथे आहे. लीग टू मध्ये २०२३-२४ ला त्यांनी ८९ गोल केले. भन्नाट! आणि खाल्ले ८६. क्रमांक १४ वा. लँगस्टाफने तिथेही २८ गोल मारले, लीगमध्ये सर्वाधिक. मारणारा तोच होता, पण मागचं दार उघडं राहिलं. पुढच्या पायरीवर चुकांची किंमत जास्त असते.

तर मंडळी, पुढच्या वेळी कुठल्याही लीगचं टेबल उघडलंत, तर फक्त गुणांचा शेवटचा रकाना बघून ॲप बंद करू नका. बरोबरीच्या मॅच मोजा. गोलफरक आणि क्रमांक जुळतात का ते बघा. जिथे जुळत नाहीत, तिथे काहीतरी घडलेलं असतं, आणि बघण्यासारखं तेच असतं.

तुमच्या आवडत्या टीमचा असा एखादा ‘थोडक्यात हुकलेला’ हंगाम असेल, तर आकड्यांसकट मला कळवा. आयएसएल असो, नाहीतर तुमच्या गावातली स्पर्धा असो. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!