सलामीच्या सामन्याचा हिशेब

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाने हंगामातला पहिला सामना पाच गोलांनी गमावला होता. यंदा एकाच गोलाने हरलो. सामना संपल्यावर बुटांच्या नाड्या सोडता सोडता एका मुलाने विचारले, "सर, आपण सुधारलो, की समोरचा संघच यंदा कच्चा होता?" प्रश्न रास्त होता. मी म्हटले, उद्या सांगतो.

एका निकालावरून संघ ओळखायला गेले तर फसगत होते. 2010 च्या विश्वचषकात स्पेनचा संघ पहिलाच सामना स्वित्झर्लंडकडून 0-1 असा हरला आणि अखेर जगज्जेता झाला. 2022 मध्ये सलग 36 सामने अपराजित असलेल्या अर्जेंटिनाला सौदी अरेबियाने सलामीलाच 2-1 असे हरवले. चषक अर्जेंटिनानेच नेला. आपल्या भागातल्या लाडक्या कबड्डीत गुण तीस-चाळीसपर्यंत जातात, एखादी चूक भरून निघते. फुटबॉलमध्ये गोल एक किंवा दोन. खांबाला लागलेला चेंडू आत गेला की बाहेर, एवढ्यावर निकाल फिरतो.

म्हणून मी गोल बाजूला ठेवून टिपणवही उघडली. पहिली नोंद, आपल्याच अर्ध्या भागात चेंडू किती वेळा गमावला. गेल्या वर्षी बचावफळी घाबरून चेंडू नुसता उडवत होती. यंदा मुले मान वर करून पास देत होती. दुसरी नोंद, चेंडू गेल्यावर मागे धावत कोण येते. गेल्या वर्षी दोघे-तिघे, यंदा जवळजवळ सगळे. इथवर सुधारणा स्पष्ट होती. तिसरी नोंद शेवटच्या वीस मिनिटांची. तिथे पाने सारखीच निघाली. पाय जड, अंतर वाढलेले, आणि गोलही तेव्हाच झालेला.

कारण शोधायला लांब जावे लागले नाही. आमच्या अकरापैकी चौघे चाकणच्या कारखान्यांत कंत्राटी कामाला आहेत. रात्रपाळी करून नाशिक महामार्गावरच्या गर्दीतून मोशी, भोसरी ओलांडत ते थेट मैदानावर आले होते. सत्तर मिनिटांनंतर कमी पडली ती झोप. तिला कौशल्याचा दोष म्हणणे अन्यायाचे झाले असते.

त्यातलाच आमचा डावा बचावपटू दुसऱ्या दिवशी म्हणाला, "सर, पुढच्या महिन्यापासून कायम तिसरी पाळी आहे. मी संघ सोडतो." त्याच्या पगारावर घर चालते. खेळ तुला नोकरी देईल, असे मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू? मुंबईचा महिंद्रा युनायटेड संघ 2010 मध्ये बंद झाला. 2012-13 च्या आय-लीगमध्ये दुसरा आलेला पुणे एफसी पुढे राहिला नाही, आणि एफसी पुणे सिटीही 2019 मध्ये संपला. बालेवाडीच्या मैदानाकडे बोट दाखवून स्वप्न विकणे मला जमले नाही.

मी एवढेच केले. सकाळचा सराव संध्याकाळी, पाळीला जाण्याआधी ठेवला, तोही आठवड्यातून तीनच दिवस. रात्रपाळीच्या मुलांना फक्त पूर्वार्धात खेळवायचे आणि ताजे गडी मध्यंतरानंतर उतरवायचे ठरवले. राखीव मुलांना आतापर्यंत आम्ही पाण्याच्या बाटल्या सांभाळायला बसवत होतो, ही चूक माझी.

मग त्या मुलाला उत्तर दिले, "सुधारलो, पण सत्तर मिनिटांपुरते. उरलेली वीस मिनिटे माझ्याकडे लागली."

डावा बचावपटू अजून संघात आहे. पुढच्या सामन्यात तो पहिली पंचेचाळीस मिनिटे खेळेल आणि नंतर बाकावर बसेल. तिथे त्याला डुलकी लागली, तर कोणी उठवू नये, असे मी सगळ्यांना बजावले आहे.