रस्ता आपल्या ओट्यापासून सुरू होतो

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात सोसायटीच्या एका सभासदाने केलेले भाषण)



सचिवांनी मला बजावलंय, "दहाच मिनिटं, आणि काहीतरी उपयोगाचं बोला." माझी सगळी नोकरी रस्त्यांच्या कामात गेली. त्यामुळे मी बोलायला उभा राहिलो की रस्त्यावर येणारच! आणि बाळांनो, ती वेफर्सची रिकामी पाकिटं टाकू नका. आजचं भाषण त्यांच्यावरच आहे.

आपला भंगारवाला दुधाच्या पिशव्या घेतो, तेलाचे कॅन घेतो. हे पाकीट मात्र घेत नाही. कारण त्यात प्लॅस्टिकचे दोन-तीन पातळ थर आणि चकचकीत धातूचा मुलामा एकमेकांना चिकटलेले असतात. ते वेगळे करणं परवडत नाही, म्हणून त्याला भाव नाही. ज्याला भाव नाही ते गटारात, नदीत नाहीतर कचरा डेपोवर जातं.

अशा बिनभावाच्या प्लॅस्टिकला काम दिलं ते मदुराईच्या एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी, राजगोपालन वासुदेवन यांनी. त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत असताना त्यांनी प्रयोग केले आणि 2002 च्या सुमारास कॉलेजच्याच आवारात रस्ता करून दाखवला. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पद्धत अगदी फोडणीसारखी आहे. आधी खडी तापवायची, साधारण 160 ते 170 अंशांपर्यंत. त्यावर प्लॅस्टिकचा बारीक कीस टाकायचा. अर्ध्या-एक मिनिटात तो वितळून प्रत्येक खड्याला पातळ लेप बसतो. मग वरून गरम डांबर. आपल्याकडे रस्ता उखडतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. पाणी खडी आणि डांबर यांच्यामध्ये शिरतं, डांबर सुटतं आणि खड्डा पडतो. प्लॅस्टिकचा लेप खडीची छिद्रं बुजवतो, पाण्याला शिरायला जागा ठेवत नाही आणि डांबर घट्ट धरतो. शिवाय तेवढं डांबर वाचतं. एक पदरी रस्त्याच्या एका किलोमीटरला साधारण एक टन प्लॅस्टिक लागतं. इंडियन रोड्स काँग्रेसने 2013 मध्ये यासाठी मार्गदर्शक नियमही काढले.

आता रस्त्यावरून आपल्या पार्किंगमध्ये येऊ. पुढच्या सर्वसाधारण सभेत प्लॅस्टिकच्या पेव्हर ब्लॉकचा विषय आहे. असे ब्लॉक केनियात नैरोबीला न्झांबी माटी नावाची तरुण इंजिनिअर बनवते. प्लॅस्टिकचा चुरा आणि वाळू एकत्र तापवायची आणि मशीनमध्ये दाबायची. सिमेंटचं काम प्लॅस्टिक करतं, त्यामुळे ब्लॉकवर पाणी मारत बसावं लागत नाही. 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने तिचा गौरव केला.

ऐकायला छान वाटतं ना? मलाही वाटलं. म्हणूनच गेल्या दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आपण प्लॅस्टिक गोळा केलं. जबाबदारी माझी होती. पाच पोती भरली, टेम्पोने पाठवली आणि त्यातली चार परत आली! तिथल्या माणसाने माझ्यासमोर पोतं उलटं केलं. दही चिकटलेले डबे, ओली पाकिटं, डायपर, प्लंबरने टाकलेले पीव्हीसी पाइपचे तुकडे. तो म्हणाला, "काका, हे प्लॅस्टिक नाही, हा कचराच आहे." बत्तीस वर्षं ठेकेदारांचा माल नापास करणारा मी, त्या दिवशी माझाच माल नापास झाला.

आणि त्याचं खरं म्हणजे हेच होतं. ओला, खरकटा कीस खडीला नीट धरत नाही. पीव्हीसी तर चालतच नाही. ते तापवलं की त्यातून क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो, आणि तो आधी भट्टीपाशी उभ्या असलेल्या कामगाराच्या छातीत जातो. म्हणून घरी, गच्चीवर कुणीही प्लॅस्टिक वितळवायचा प्रयोग करू नका.

मला लागलं ते वेगळंच. ती चार पोती पुन्हा निवडायला बसल्या आपल्या सफाईच्या मावशी. हातमोजे नव्हते. कुणीतरी टाकलेल्या ब्लेडने त्यांचं बोट कापलं. आपण दारात गाडी धुवत होतो, त्या नळावर बोट धरून उभ्या होत्या. आपल्या पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही स्वतःची सहकारी संस्था आहे. आपलीही सहकारी संस्थाच. मग सहकार फक्त मेन्टेनन्सच्या पावतीपुरता का?

तेव्हा माझी मागणी साधी आहे. पाकीट, पिशवी रिकामी झाली की तिथेच ओट्यापाशी विसळा, वाळवा, वेगळ्या पिशवीत टाका. पाइप, वायर, रेक्झिन त्यात नको. ब्लेड, काच कागदात गुंडाळून, वर लिहून वेगळं द्या. आणि हातमोज्यांचा खर्च कमिटीने आजच मंजूर करावा.

ब्लॉकबद्दल कमिटीला एक विनंती. सिमेंटच्या पेव्हर ब्लॉकसाठी आयएस 15658 हे मानक आहे. प्लॅस्टिकचा ब्लॉक वेगळी वस्तू आहे, म्हणून विकणाऱ्याकडून भार, ऊन आणि आग या तिन्हींच्या चाचणीचे कागद मागा. प्लॅस्टिक पेट घेतं, तेव्हा मीटर रूम आणि जनरेटरजवळ हे ब्लॉक नकोत. बागेतल्या पायवाटेपासून सुरुवात करू, दोन पावसाळे बघू, मग पार्किंगचं ठरवू.

आणि रस्ता होतो, ब्लॉक होतो म्हणून पिशव्या वाढवायला परवानगी मिळाली असं समजू नका. ब्लॉक झिजला तर त्याचा बारीक कण शेवटी मातीतच जाणार. जी पिशवी घरात आलीच नाही, तिची काळजी कुणालाच नाही. आपल्या आयांच्या हातातली कापडी पिशवी अजून दाराच्या मागे खुंटीला आहे, ती काढा.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा गेटपर्यंत चिखल तुडवत यायचो. रस्ता आपण वर्गणी काढून केला. बागेतली पायवाटही आपल्याच घरातून निघू दे. चला बच्चेकंपनी, आता ती पाकिटं माझ्याकडे द्या. विसळायला मी घेतो.